नऊ जोड पायताणं

मलकामावशी वहाणांना दटावत असे. रोह्याच्या अलीकडे, निडीजवळच्या तिच्या गावात, शुक्रवारी दिवेलागणीला ज्यू लोकांच्या प्रार्थनाघराच्या पायरीवर ती पुरुषांच्या जुन्या वहाणा ओळीने मांडायची. "इसाजी, रांगेत राव. हारूण, चिखल पुसलास काय रं?" मग उंबऱ्याशी बसून आतल्या काळोखाला सांगायची, "नऊ झाले. थांबा जरा."

आत कोणी नसायचं. तरी एखादं बाक करकरायचं.

ही एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी पेणच्या रामवाडीची, पुण्यात मानवशास्त्र आणि समाजशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन बी.ए. करत होते. म्हणजे एका डोक्यात दोन सवती. मानवशास्त्राचे सर म्हणत, "गप्प बसून बघा." समाजशास्त्राच्या बाई म्हणत, "बघत काय बसता, विचारा." आज नात मला भोचक म्हणते, तेव्हा त्याला क्षेत्रकार्य म्हणत.

दोन-तीन शुक्रवार मी गप्प बसून बघितलं. अंगावर काटा यायचा आणि आत कुठेतरी गुदगुल्याही व्हायच्या, कारण मला चक्क पूर्वजपूजा सापडली होती. शहाणीने पानंच्या पानं लिहिली. मग बाईंना स्मरून विचारलं, "मावशी, हे पितर कधी वारले?"

मावशी तोंडाला पदर लावून हसली. "पितर कसले गो? समदे जिते हायत. इमानात बसून इस्रायलला गेले. जुनी पायताणं हितंच टाकून."

माझी पूर्वजपूजाही त्याच विमानाने गेली.

"मग वारलं कोण?"

"माझा घरवाला."

बापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना राहिली होती. ती म्हणायला दहा पुरुष जमावे लागतात, आणि गावात ज्यू पुरुष एकही उरला नव्हता. "नवांची सोय मी केली," मावशी म्हणाली. "दहावा माझा पोरगा सोलोमन. तिकडंच हाय. येतो बोललाय."

कधी बोलला, ते बाईंनी एवढं शिकवूनही मला विचारवेना. वारा पडला होता, तरी आत पुन्हा बाक करकरलं. मावशीने तिकडे न बघताच, बसा, असा हात केला.

ओळीच्या टोकाला दहाव्या जोडापुरती जागा होती. मी म्हटलं, "त्याच्याही जुन्या चपला असतील घरात. मांडू या का? दहा होतील."

"त्याच्या कशाला मांडू गो? तो पायात घालून येल."

त्याच्या त्या जागी येतानाच मी नकळत माझ्या सपाता काढून ठेवल्या होत्या. गुपचूप उचलून हातात धरल्या.