चढावर अडलेल्या ट्रकाची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत् नाम संवत्सरी, कार्तिक मासी, पूर्व दिशेस रण माजण्याचा रंग दिसो लागला, आणि दिल्लीचे मुत्सद्दी नकाशे पसरून बैसले, आणि नर्मदातीरी जबलपूर प्रांती कारखाने अहोरात्र धडधडू लागले, त्या समयी अवघ्या हिंदुस्थानची अब्रू ज्या एका अजिंक्य रथावर येऊन ठेपली, तो रथ कारखान्यामागील चढावर मधोमध बंद पडला होता आणि त्याच्या सावलीस एक शेळी रवंथ करीत बैसली होती.

रथाचे सरनोबत राजेश्री चिंतामणीपंत मोहरील, वस्ती कांचघर, चाचणी खात्याचे फोरमन. पंतांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखी आले आणि परतण्याचा हुकूम कोणी दिला नाही म्हणोन राहिले. तोच चिवटपणा पंतांचे अंगी पुरता उतरला होता. परंतु या ट्रकाने त्यांस जेर केले. सपाटीवर कोसभर घोडा दौडावा तैसा दौडे, चढ लागला की डिझेलच्या दाबाचा काटा मान टाकी, इंजिन दोन उचक्या देई आणि थंड होई. मग घटकाभराने काही घडलेच नाही ऐसा साळसूदपणे चालू होई.

या प्रकरणी गनीम म्हणावा तर घरचाच. तपासणी खात्याचे साहेब रत्नाकरराव हे पंतांच्या कुटुंबाचे, म्हणजे सौभाग्यवती भानुमतीबाईंचे, सख्खे धाकटे बंधू. त्यांनी फर्मान काढिले की, शनिवारी दोन प्रहरी ट्रक न थांबता चढ चढला तर बरे, न चढला तर ट्रक नामंजूर आणि फोरमनची रवानगी भांडारात. भांडार म्हणजे जेथे चाके रगड असतात परंतु एकही फिरत नाही. पंतांनी उभी हयात धावत्या चाकांत काढिली. भांडाराचे नाव निघताच ते ताट सारून ट्रकाखाली शिरू लागले.

मग मोहीम सुरू जाहली. डिझेल ओढणारा पंप बदलिला, गाळणी बदलिली, नळ्या फुंकून साफ केल्या, आणि काटा पूर्ववत मान टाकिता जाहला. ट्रक सरहद्दीस नेण्यास पलटणीतून विष्णू नामे ड्रायव्हर आला होता. जातीचा वऱ्हाडी, जिभेस लगाम नाही. तो रोज बंद ट्रकाच्या पायरीवर बसून पंतांची हजेरी घेई.

"काका, काहून बंद पडून राहिली हो ही? तिकडं तोफा सुरू झाल्यावर मी काय खाली उतरून हिला 'चलो बेटा' म्हणू?"

"तू गप राह्य ना बाप्पा," पंत म्हणत. "मी पाहून राहिलो न!"

पाहण्याची पंतांची रीत ठरीव होती. ट्रक थांबला की प्रथम टाकीचे झाकण उघडावे, गज बुडवून डिझेल आहे याची खातरजमा करावी, झाकण घट्ट लावावे, आणि मग त्यावर बोटभर शेंदूर चढवावा. हा शेंदूर खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांबरोबर गाड्याही पुजण्याचा मोहरिलांचा कुळाचार, म्हणोन भानुमतीबाईंनी घरी तेलात शेंदूर खलून दिला होता आणि पंतांनी स्वहस्ते तो टाकीच्या झाकणास लाविला होता. नवल ऐसे की, दर खेपेस शेंदूर चढताच ट्रक चालू होई. तेणेकरून पंतांची निष्ठा वाढली, आणि निष्ठेबरोबर थरही वाढला.

शनिवार उगवला. रत्नाकरराव चढाच्या माथ्यावर खुर्ची टाकून, डोक्यास छत्री आणि तोंडास शिट्टी लावून विराजमान जाहले. पायथ्याशी पंत झाकण मांडीवर घेऊन शेंदराचा दुप्पट लेप देत होते, इतक्यात शिट्टी वाजली. विष्णूने गाडी हाकली, आणि पंत झाकणासुद्धा धावत जाऊन पायरीवर चढले. आणि काय सांगावे! ट्रक एक उचकी न देता सारा चढ चढला. काटा शिपायासारखा ताठ.

"झाकण कुठाय, भाऊजी?" रत्नाकरराव कडाडले. "सगळ्या रस्त्यानं डिझेल सांडून राहिलं! उघड्या टाकीची गाडी फौजेला देऊ काय मी? लावा झाकण अन् चढवा पुन्हा!"

झाकण लाविले. पुन्हा पायथा, पुन्हा शिट्टी, आणि अर्ध्या चढावर इंजिनाने प्राण सोडिला.

पंत खाली उतरले. झाकणाविना चढते आणि झाकणासहित मरते, हा विचार मनी घोळवीत त्यांनी झाकण फिरविले, तो टाकीने "सूंऽऽ" करून लांब श्वास आत ओढिला. पंतांनी झाकण डोळ्यांजवळ धरिले. टाकीत हवा जावी म्हणोन झाकणास मोहरीएवढे छिद्र असते, ते शेंदराने विटेसारखे बुजले होते. डिझेल बाहेर जाई, हवा आत न येई, टाकी श्वास कोंडून बैसे आणि पंप उगाच ओढीत राही. गज बुडविण्यास झाकण उघडले की हवा शिरे आणि गाडी सुटे. करणी हवेची आणि नावलौकिक शेंदराचा. पंतांच्या मुखास जो रंग चढला, तो झाकणाशी मिळता होता.

मग पंतांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून पितळी कानकोरणे उपसले आणि छिद्रावर हल्ला केला.

"काय निघालं, काका?"

"धूळ."

"लाल?"

"जबलपुरात अशीच असते."

"अच्छा!" विष्णू हुंगून म्हणाला. "तेलात खललेली."

पंतांनी त्यास गाडी हाकण्याचा हुकूम फर्माविला. तिसऱ्या खेपेस ट्रक झाकणानिशी गर्जत निघाला, निम्मा चढ मागे पडला, काटा हलला नाही, आणि रत्नाकररावांची खुर्ची उचलून बाजूस घ्यावी लागली. येणेप्रमाणे चढ सर जाहला, गड फत्ते जाहला, चिंतामणीपंत भांडारातून वाचले, विष्णू रथ घेऊन सरहद्दीस जाण्यास सिद्ध जाहला. ट्रक मंजूर ऐसा शिक्का पडला, आणि आजाराचे कारण पंतांच्या सांगण्यावरून 'वायुकोप' ऐसे दफ्तरी रुजू जाहले.

झाकण कोरण्याचा प्रकार रत्नाकररावांनी माथ्यावरून पाहिला होता. शिक्का मारून त्यांनी पंतांस ट्रकाआड नेले, इकडे तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणिला.

"भाऊजी, ताईनं खंडेनवमीला माझ्या स्कूटरलाही लावला होता शेंदूर. तेव्हापासून चढ आला की ढकलून राहिलो. ते कानकोरणं जरा देता काय?"