एकेक करून बाजूला

झेरॉक्स मशीननं चौथा कागद चोळामोळा करून बाहेर टाकला, तेव्हा आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई फक्त रडायच्याच बाकी होत्या. सहा वर्षांनी त्यांची बदली नवऱ्याच्या आणि लेकीच्या गावी झाली होती. आदेशाच्या तीन प्रती साहेबांच्या सहीनिशी पाचच्या आत मुख्य कार्यालयात पोचल्या नाहीत, तर बदली रद्द. आणि चार वाजून गेले होते.

मेकॅनिक आला. माणूस तत्त्वाचा. "एका वेळी एकच गोष्ट बाजूला करायची," त्यानं जाहीर केलं. "जी काढल्यावर मशीन चालेल, ती दोषी."

"वा! शास्त्रशुद्ध!" साहेब त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. साहेब सगळ्यांच्याच खांद्यावरून वाकत. देह भारदस्त, आणि दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायची हौस त्याहून भारदस्त.

कागदांचा गठ्ठा बदलला, कागद अडकला. पंखा बंद केला, सगळे घामाघूम झाले, कागद अडकलाच. मशीनवरची कुंडी, शेजारचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं बाहेर जिन्यात गेलं. मग ताई दर मिनिटाला जिन्यात जाऊन वेळ बघून येऊ लागल्या.

"वस्तू संपल्या. आता माणसं," मेकॅनिक म्हणाला.

"माणसांनी काय केलंय?" हेडक्लार्कनी विचारलं.

"तेच बघायचंय. तुम्ही बाहेर व्हा."

हेडक्लार्क गेले, कागद अडकला. "हे निर्दोष!" मेकॅनिक ओरडला. अख्ख्या नोकरीत हेडक्लार्कना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते कुंडीशेजारी ताठ उभे राहिले. मागोमाग टायपिस्ट गेली, शिपाई गेला. तेही निर्दोष निघाले.

"आता तुम्ही, साहेब."

"मी? अहो, हे ऑफिस माझ्यामुळे चालतं!"

"मशीन चालतं का बघू."

"जा ना हो साहेब, पाया पडते!" ताई म्हणाल्या.

साहेब फणकाऱ्यानं जिन्यात गेले. मशीननं तीन प्रती सरसर काढल्या, एक सुरकुती नाही. साहेब बघायला आत आले, कागद अडकला. बाहेर गेले, चाललं. तीनदा करून पाहिलं. तोवर ताईंनी जिन्यातल्या कपाटावरच सह्या घेतल्या आणि जिना एका दमात उतरल्या. चपलेचा पट्टा तुटला, तरी थांबल्या नाहीत.

बाकीचे आत आले. मेकॅनिक गुडघ्यावर बसला होता. साहेब उभे राहत तिथली जमिनीची लाकडी फळी सुटली होती. तिच्यावर भार पडला की दुसरं टोक उचलायचं, मशीन कलायचं आणि कागद तिरका घुसायचा. त्यानं खिशातून स्क्रू काढला. "दोन मिनिटांचं काम."

शिपायानं हळूच दार लोटलं.

"घाई काय आहे?" हेडक्लार्क कुजबुजले. "सोळा वर्षांत आज पहिल्यांदा मानेवर कोणाचा श्वास लागत नाहीये हो."

मेकॅनिकच्या खांद्यावर आल्यापासून साहेबांची हनुवटी होती. त्यानं स्क्रू परत खिशात टाकला आणि अहवाल लिहिला : 'दोष : साहेब. उपाय : मशीनपासून व काम करणाऱ्यांपासून कायम लांब ठेवणे.'

अहवाल जिन्यात गेला. साहेबांनी आयुष्यात सही करण्यापूर्वी काही वाचलं नव्हतं. त्यांनी झोकात सही ठोकली आणि खाली शेरा मारला : 'तातडीने अंमलबजावणी व्हावी.'