मेंढ्याचं देवक

माझ्या मेंढ्याकडे बोट दाखवून तुंगाक्कांनी विचारलं, "याचं देवक काय?"

मी लहानपणापासून मेंढरांमागे चालतो आहे. मेंढ्याचं वजन विचारणारे भेटले, दात बघणारे भेटले, "सणापर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका" असं कानात सांगणारे भेटले. देवक विचारणारं माणूस ते एकच.

"मेंढ्याला कसलं देवक, अक्का?"

"आईबाप आहेत ना त्याला? मग देवक पण आहे. तुम्ही विचारलं नाहीत, एवढंच."

तुंगाक्का म्हणजे माझ्या विहीणबाई. माझ्या शांताची सासू. आमचे पूर्वज घोड्यावर बसून या मुलखात आले असं घरात सांगतात. घोडी गेली, मेंढरं राहिली. आनेकलच्या पलीकडे आमचा कळप आहे, काळ्या लोकरीचा. मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही, आणि त्यानंतर कुणाला गुरू केलं नाही. तुंगाक्कांनाही केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यांच्यासारखं माणूस दुसरं पाहिलं नाही, हेही सांगतो.

बाईंचा जन्म गेला लग्नं जमवण्यात. शहरात मल्लेश्वरमला त्यांच्या घराच्या कट्ट्यावर आमच्या लोकांची किती लग्नं ठरली याला हिशोब नाही. पैसा घेतला नाही. कुणाच्या देवकाला आंबा, कुणाच्या जांभूळ, कुणाच्या उंबर, सगळं तोंडपाठ. दोन्ही घरांचं देवक एक निघालं की मुलगा लाख मोलाचा असू दे, अक्का म्हणायच्या, "ती बहीण-भावंडं झाली. सरी, ठीक आहे, पुढे?" आणि पुढच्या घराचं नाव काढायच्या. शांताला त्या दुसऱ्याच कुणाच्या मुलासाठी बघायला आल्या होत्या. पोहे खाल्ले, तिच्याशी बोलल्या, आणि उठताना म्हणाल्या, "त्या मुलाला मी दुसरी बघते. ही माझ्या वसंताला."

मग काळ बदलला. जावयाची कचेरी बेळ्ळंदूरला, म्हणून त्यांनी तिथे घर घेतलं, कितव्या मजल्यावर ते मी विचारत नाही, मला तिथे चक्कर येते. कट्टा गेला. लग्नं मोबाईलवर ठरायला लागली. अक्का म्हणायच्या, "बोट सरकवून नवरा निवडतात हो. देवक एक निघालं की मग ते बोट कुठे सरकवणार?" पण त्यांना कुणी विचारायला येईना. बाल्कनीत बसून त्या समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली कापडं बघायच्या आणि त्यावरून त्या घरात किती माणसं आहेत ते ओळखायच्या.

अशा बाईला मी गावच्या जत्रेला बोलावलं. चार दिवसांसाठी आल्या. त्यांनी माझा मेंढा पाहिला, आणि देवकाचं ते विचारलं, आणि मग चौकशी सुरू केली. मेंढा कळपात किती वर्षं आहे? पाच. मग या मेंढ्या कुणाच्या? बऱ्याच त्याच्याच. मग त्यांचा नवरा कोण?

मी म्हणालो, "तोच की."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "शी शी शी! बाप आणि मुली एकाच मांडवात? म्हणून तुमची कोकरं अशी उंदरासारखी होतात, व्याही. म्हणून निम्म्या मेंढ्या रिकाम्या राहतात."

माझे वडील असंच करायचे, असं मी म्हणालो. मी चुकलो होतो असं मी अजूनही म्हणत नाही. पण चार दिवसांच्या पाहुण्या राहिल्या त्या राहिल्याच. बेळ्ळंदूरला जायच्या, कपडे बदलून बसने परत यायच्या.

आधी त्यांनी मेंढरांची घराणी लावली. कोणती मेंढी कोणत्या म्हातारीची, तिची आई कोण, हे माझ्याकडून वदवून घेतलं. मला सगळं पाठ होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक म्हातारीच्या वंशाला एक पान दिलं: आंबा, जांभूळ, वड, उंबर, रुई. जनावरांच्या दवाखान्यातून कानात घालायचे पिवळे बिल्ले आणले आणि शांताच्या नेलपॉलिशने त्यांवर पानं काढली. त्याआधी गळ्यात रंगीत चिंध्या बांधून पाहिल्या होत्या. त्या मेंढ्यांनी एकमेकींच्या खाऊन टाकल्या.

मग लोकर. बायकांना लोकरीतलं काय कळतं, असं मी म्हणालो नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. अक्कांनी एका मेंढीच्या खांद्यावरची बट उपटली, दोन्ही हातांनी ताणून कानाशी धरली आणि बोटाने टिचकी मारली. बट मधोमध तुटली.

"ही उन्हाळ्यात उपाशी होती," त्या म्हणाल्या.

"पाऊस नव्हता. सगळेच उपाशी होते."

"मग लोकर पण उपाशीच येणार. केस पोटातून येतो, व्याही. माझे बघा, बाळंतपणात गेले ते गेले."

त्या वर्षी कातरणी त्यांच्या मताने झाली. दोन दिवस आधी सगळा कळप तळ्यात बुचकळून काढला. कातरायला खाली ताडपत्री. खांद्यावरची लोकर वेगळी, पोटाखालची वेगळी, शेपटीकडची घाण पार बाजूला. माझा कातरणारा म्हणाला, "अण्णा, लोकर कातरतोय की भाजी निवडतोय?" पण घोंगड्या विणणारा आला, त्याने खांद्यावरची मूठभर लोकर उचलून गालाला लावली आणि स्वल्प वेळ तशीच धरून बसला. मग म्हणाला, "आणखी कुणाला दाखवू नका." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहणं हे पाहण्यापेक्षा वाईट असतं.

आता मला कशाची धास्ती होती ते सांगतो. मेंढरांची नव्हती. शांताच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली, मूल नाही. दवाखाने झाले, देव झाले, मग नवरा-बायकोने ते बोलणं बंद केलं. आणि इथे माझ्या अंगणात बसून ही बाई दिवसभर कोण गाभण राहिली, कोण नाही राहिली, कुणाला पुन्हा मेंढा दाखवायचा, याचाच जप करत होती. दर रविवारी शांता आम्हा दोघांना भेटायला यायची. ती फाटकातून आत आली की माझं लक्ष अक्कांच्या तोंडाकडे जायचं. एवढी चालणारी जीभ एक दिवस माझ्या पोरीकडे वळणार, असं वाटायचं. वळली तर विहिणीला बोलणार कोण? मी मुलीचा बाप.

नवा मेंढा बघायला आम्ही कोलारकडे एका धनगराकडे गेलो. त्या दिवशी मी अक्कांचं खरं रूप पाहिलं. नऊवारीचा काष्टा आवळून त्या खाली बसल्या, मेंढ्याचे दात बघितले, खूर बघितले, त्याला चालवून बघितलं. लोकर फुंकर मारून खांद्यावर पाहिली, बरगडीवर पाहिली, मांडीवर पाहिली. "खांद्याला लोकर आणि मांडीला नुसते केस, असा नवरा नको," म्हणून दोन परत पाठवले. तिसरा पसंत पडला. मग हात मागच्या पायांमध्ये घालून, वांगी निवडावीत तसे, त्याचे आंड दाबून पाहिले. धनगर आणि मी आभाळात ढग बघायला लागलो.

"लाजता काय?" अक्का म्हणाल्या. "मुलगा नोकरीला आहे एवढंच बघून लोकांनी मुली दिल्या आणि मग रडत माझ्याकडे आले. मी सगळं बघते."

माझा जुना मेंढा त्या धनगराकडे गेला. दोन दिवस मी अक्कांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

उन्हाने मेंढ्याचं बीज जळतं म्हणून वैशाखातच त्याची लोकर उतरवली, त्याच्या खोपटाला ओल्या गोणपाटाचे पडदे लावले. मी पत्र्याखाली तापत होतो आणि नवरदेव पडद्याआड रवंथ करत होता. मेंढ्यांना तीन आठवडे रागी, हुलगे आणि शेंगदाण्याची पेंड. "लग्नाआधी मुलीच्या अंगावर मांस चढलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. माझ्या तोंडची रागी मेंढरांना चालली आहे, असं मी म्हणालो. "तुम्हाला कुठे व्यायचंय?" असं उत्तर मिळालं. मेंढ्यांच्या शेपटीखालची लोकर कातरून जागा मोकळी केली, त्याचं कारण मी इथे लिहीत नाही, ते त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं आहे.

आषाढात मेंढा सोडला. अक्कांनी काव तेलात कालवून त्याच्या छातीला थापली. ज्या मेंढीच्या पाठीला लाल लागलं, तिचं लग्न लागलं. पंधरा-सतरा दिवसांनी लाल पुसून नीळ थापली. लाल झालेली मेंढी आता निळी झाली, तर पहिल्या खेपेला ती राहिली नाही असं समजायचं. रस्त्याने जाणारी पोरं विचारायची, होळी आता कुठली?

रुईच्या घराण्यातली एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी होती. ती लाल झाली, मग निळी झाली, मग अक्कांनी हळद लावली तर पिवळीही झाली. एका रविवारी शांता कुंपणाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"अत्ते, ही तिसऱ्यांदा का?" तिने सासूला विचारलं.

माझ्या हातातली दोरी हातातच राहिली.

"तिची मर्जी," अक्का म्हणाल्या. "तू सांग, भात किती लावू?"

मी सुटलो. पण एका रविवारापुरता.

मार्गशीर्षात मेंढ्या व्यायला लागल्या. आमच्याकडे जुळं म्हणजे नवल. त्या वर्षी अंगणात जुळीच जुळी. लोक बघायला येऊ लागले. अक्का ओचे खोचून, हात कोपरापर्यंत भरलेले, ओरडत फिरायच्या, "उंबराची तिसरी! अहो, नाळेला आयोडीन लावा, बघत काय बसलात?" कट्ट्यावर असताना चेहऱ्याला जे तेज असेल, ते मी तेव्हा पाहिलं. शेवटी त्या ठिपक्याच्या मेंढीचा दिवस आला. तिच्यावर अक्कांनी गावाशी पैज लावली होती. गाव म्हणत होतं, ही वांझ, विकून टाका. अक्का म्हणत होत्या, पोटात दोन आहेत, लिहून घ्या.

रविवार होता. शांता बाटलीने एका अशक्त कोकराला दूध पाजत बसली होती. माझी धाकटी बहीण पारू गावातून आली होती. मेंढीला कळा सुरू झाल्या, अक्का तिच्यामागे पेंढ्यात बसल्या, आणि पारू हसत हसत म्हणाली, "विहीणबाई, एवढ्या मेंढ्या तुमच्या हाताने फळल्या. आता जरा घरच्या सुनेकडे पण बघा की!"

कोकरू दूध ओढत होतं, तेवढा चुकचुक आवाज राहिला. शांताने मान वर केली नाही. मी अक्कांकडे पाहिलं. हजर उत्तराची ही बाई, आता ही काय बोलते, आणि कुणाला बोलते?

अक्का पेंढ्यातून उठल्या. हौदाशी जाऊन हात धुतले. साबण लावून, नखांतलं रक्त काढून, सावकाश धुतले. पदराला पुसले. मग शांताजवळ येऊन तिच्या हातातली बाटली घेतली आणि पारूच्या हातात दिली.

"शांता, पिशवी घे. बस मिळेल अजून."

"अक्का," मी म्हणालो, "ती मेंढी! पाय आडवा आलाय तिच्या कोकराचा!"

"मेंढी तुमची आहे, व्याही. तुम्ही बघा."

आणि दोघी फाटकातून गेल्या. एवढ्या महिन्यांची मेहनत, गावाशी लावलेली पैज, सगळं पेंढ्यात टाकून. अक्का पुढे नव्हत्या, मागे नव्हत्या, शांताच्या बरोबरीने चालत होत्या.

मी हात घातला. त्या सांगायच्या तसाच, हळूच, पाय मागे ढकलून सरळ केला, कारण दुसरा मार्ग मला येत नव्हता. संध्याकाळच्या आत दोन्ही कोकरं बाहेर आली. पारू बाटली घेऊन बसून होती. तिला मी जेवायला वाढलं आणि मेंढरांकडे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर फोन लावला. लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलायची आपली सवय.

"अक्का! दोन! ठिपकीला दोन झाली! दोन्ही माद्या! गाव हरलं!"

"हळू," तिकडून कुजबुज आली. "हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"जेवली का?"

"चार घास. मी भरवले."

कोकरं उभी राहिली का, प्यायली का, लोकर कशी आहे, हे सगळं सांगायला तोंडाशी आलं होतं. त्या काही विचारीनात. पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"अक्का," मी जमेल तेवढा आवाज खाली आणला, "मग निवांत बोलू?"

"हो. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. पायाला मुंग्या आल्यात माझ्या, जीव जातोय. पण ती उठेपर्यंत मी काही हलत नाही. ठेवा आता."