अंश, छेद आणि पुरणपोळी

"मी आहे की घरी टाइप करायला!" हे वाक्य मी रविवारी दुपारी बोललो आणि तिथंच सगळं बिघडलं.

आमची त्रिशला, म्हणजे माझी बायको, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. दहावीच्या सहामाहीचा पेपर काढायचा मान यंदा पहिल्यांदाच तिला मिळाला होता. मोत्यासारख्या अक्षरात तिनं तो लिहून काढला. पण मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडमचं फर्मान होतं की पेपर टाइप करून संध्याकाळी सातच्या आत मेलवर आला पाहिजे. नाहीतर तो चौगुले सर काढणार. आणि चौगुले सर टपूनच बसले होते.

त्रिशला कळंब्याला जोतीरामच्या डीटीपी सेंटरवर निघाली होती. मी आडवा आलो.

"लग्नपत्रिका करणारा माणूस तो. पेपर फुटला म्हणजे?"

"पण तुम्हाला गणिताचं टाइप जमंल न्हवं?"

"पतसंस्थेच्या नोटिसा कोण टाइप करतं?" (नोटिशीत अपूर्णांक नसतात, हे मला तेव्हा आठवलं नाही.)

ती खूश झाली. "मग मी पुरणपोळ्या करते. पण दिवस मावळायच्या आत ताटावर या. चातुर्मास हाय."

आम्ही जैन; चातुर्मासात आमच्याकडे सूर्य बुडाला की स्वयंपाकघर बंद. पाहुणा असो नाहीतर मी.

पहिल्याच समीकरणात वर क्ष अधिक तीन, खाली क्ष उणे दोन आणि मध्ये आडवी रेघ. वर्डमध्ये समीकरणाचं एक बटण आहे म्हणे. ते दाबलं तर एक करडी चौकट उघडली आणि माझ्याकडे बघत बसली. मला तिचा स्वभाव आवडला नाही. मी ती बंद केली आणि स्वतःची पद्धत काढली. वर आकडे, खाली आकडे, मध्ये माऊसनं ओढलेली रेघ. स्पेसबार दाबून दाबून आकडे मधोमध आणले. वर्गमूळ तीन रेघांत उभं केलं. (जरा मांडवासारखं दिसत होतं.) रेघांची इतकी गोडी लागली की 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे' या सूचनेखालीही एक ठोकून दिली.

"अहो, पुरण वाटून झालं!"

"एकच समीकरण!"

"अहो, ऊन भिंतीवरनं उतरलं की!"

"हे शेवटचं!"

शेवटी झालं. आतून आवाज आला, "अक्षर मोठं केलंय न्हवं? मॅडमना बारीक चालत न्हाय." मी सगळं सिलेक्ट केलं, बाराचं चौदा केलं, मेल पाठवला आणि हात धुऊन पाटावर बसलो. पोळीवर तूप पडलं. पहिला घास उचलला आणि त्रिशलाचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. पलीकडे राजनंदिनी मॅडम.

"त्रिशला मॅडम, ह्यो कोरा पेपर हाय का पोरांनी लिहिलेला तपासून धाडलाय?"

घास ताटात टाकून मी लॅपटॉपकडे धावलो. अक्षरं वाढली होती, रेघा होत्या तिथंच होत्या. त्यामुळे प्रत्येक अंशाच्या पोटातून एकेक रेघ आरपार गेली होती. क्ष खोडला होता, तीन खोडला होता. सगळ्यात सरळ काट बसली होती ती 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे' यावर.

मी एक रेघ खाली ओढली, तर शेजारचा छेद पुढच्या पानावर गेला. तो आणायला गेलो, तर मांडव कोसळला.

"ऱ्हाऊ द्या," त्रिशला म्हणाली. "चौगुले सरांचंच नशीब." तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनंच डोळे पुसले, हातानं लिहिलेला पेपर खिडकीपाशी उरलेल्या उजेडात धरला, मोबाइलवर फोटो काढले आणि मॅडमना पाठवले. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. सात वाजायला थोडा अवकाश असताना तो वाजला.

"काय अक्षर हाय वो तुमचं! टायपिंग बियपिंग काय नको, हेच छापूया. चौगुले सरांना मी सांगते."

त्रिशला हसली. मीही हसलो. (माझ्या हसण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.)

"पण ते पहिलं कुणाकडनं करून घेतलं? त्या माणसाला आधी बदला बघू."

"घरातलाच हाय, मॅडम. बदलून मिळत न्हाय."

"मग आज त्याला जेवाय घालू नका!"

त्रिशलानं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. तिनं माझं ताट उचललं.

"त्याची काळजी नको, मॅडम. दिवस मावळला."