सकाळी अकराचा अंधार

"बटण कुठाय?" नव्या सौरदिव्याच्या खांबाभोवती दोन प्रदक्षिणा घालून सोपानरावांनी विचारलं.

"नाहीच आहे. अंधार पडला की तो आपोआप लागतो," हरिहरराव म्हणाले.

"मग पावन्या बाई उद्घाटन कशाचं करनार? सकाळी अकराला येनारेत त्या. तवा अंधार कुटनं आनू?"

सोपानराव पुनावळ्यातल्या त्या सोसायटीचे अध्यक्ष. मागच्या गल्लीत आणखी सहा दिवे लावायचे की नाही, हे त्यांनी या एका दिव्यावर ठेवलं होतं. त्याच गल्लीत अंधारात पडून हरिहररावांच्या पत्नी, पद्मजाताई, महिनाभर पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या होत्या. त्यामुळे चाकणच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासून एकदाही खोटी सही न केलेल्या हरिहररावांनी घरातलं बेलचं जुनं बटण काढलं आणि खांबावर ठोकलं. त्याला वायर नव्हती; पण सोपानरावांना वाटलं, दिवा आता बटणावरच लागतो.

"आणि अंधार?" पद्मजाताईंनी विचारलं.

"तो तू करायचास." खांबावरचं पॅनेल त्यांच्या गॅलरीला अगदी खेटून होतं. "त्यावर ऊन पडेनासं झालं की दिव्याला वाटतं, संध्याकाळ झाली. मी खोकलो की त्यावर गोधडी वाळत टाक."

अकराला उद्घाटनाच्या पाहुण्या बाई आल्या. त्यांनी बटण दाबलं. हरिहरराव खोकले. गोधडी पडली. दिवा लागेना. नुसता ढग आला म्हणून फसू नये, एवढी अक्कल त्या यंत्रात घातलेली होती. खात्री करून घ्यायला ते दोन मिनिटं घेई. पाहुण्यांनी पुन्हा बटण दाबलं. हरिहरराव घाबरून पुन्हा खोकले.

"राव, दवाखान्यात नेऊ का?" सोपानराव कुजबुजले.

"अहो, आधी नारळ फोडा!" गॅलरीतून पद्मजाताई ओरडल्या. "त्याशिवाय कसा लागेल?"

नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला आणि दिवा लागला. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी सोपानरावांचा फोन आला. "हरिहरराव, म्या गच्चीवरनं बघतोय. दिवा लागलाय!"

"लागणारच!" हरिहररावांचा आवाज अभिमानाने फुलला.

"आवो, पन बटण कुनी दाबलं? कुनीच दाबलं नसंल तर पहिल्याच दिशी बिघडला म्हनायचा. बाकीचे सहा रद्द करतो."

हरिहररावांनी बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"मी दाबलं," ते म्हणाले.

सहा दिवे मंजूर झाले. प्रत्येकाला बटण. आता प्लास्टर निघाल्यापासून रोज दिवेलागणीला नवरा-बायको गल्लीभर हळूहळू चालत सातही बटणं दाबत जातात. एखादा दिवा आधीच लागलेला दिसला की पद्मजाताई म्हणतात, "आज उशीर केलात."