बेटगेरी वकिलांची मोठ्या डोळ्यांची माणसं

बेटगेरी वकिलांनी एका सकाळी दूधवाल्या भीमव्वाला फाटकातच उभं केलं आणि डोळे मोठे करायला सांगितलं.

"आणखी मोठे कर. आणखी."

"यप्पा! वकीलसाहेब्र, एन माडाकत्तीरी?" काय करताय हो हे, म्हणून भीमव्वा ओरडली. डोक्यावरची दुधाची चरवी डुगडुगायला लागली.

"हलू नकोस. मला तुझा पाऊण चेहरा पाहिजे."

चेहऱ्याचा पाऊण भाग वकिलांनी घेतला तर आपल्याकडं काय उरणार, या भीतीनं भीमव्वा जी निघाली ती थेट कोपऱ्यावर जाऊन थांबली. त्या दिवशी आमच्या सगळ्या गल्लीनं बिनदुधाचा चहा घेतला.

हुबळीच्या देशपांडे नगरात आमच्या घरापासून तिसरं घर वकिलांचं. साठी उलटलेली, मिशा ताठ, आणि काळा कोट इतका अंगवळणी पडलेला की बिनकोटाचे वकील दिसले तर लोक त्यांना वकिलांचा भाऊ समजून वकिलांची खुशाली विचारत. कोर्टातला त्यांचा दरारा मोठा. घरी तर ते बोलतच नसत. बायको इंदूअक्का एकटीच दोघांपुरतं बोलायची. या गृहस्थानं आयुष्यात कागदावर रेघ ओढली ती फक्त अर्जातल्या चुकीच्या शब्दाखाली.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. भीमव्वा पळाली त्याच संध्याकाळी वकील एक जाडजूड पुस्तक काखेत मारून माझ्याकडं आले. त्यांच्या ज्युनिअरनं ते बेंगळूरहून आणलं होतं. जपानी चित्रकथांतली माणसं नवशिक्यांनी कशी काढायची, त्याचं पुस्तक. या चित्रांना मांगा म्हणतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. मुखपृष्ठावर एक मुलगी होती. डोळे बशीएवढे, नाक जवळपास नाहीच, आणि केस असे की जणू उभ्या उभ्या वारा प्यायलेत.

"मास्तर, हे शिकवा."

"मला कुठं येतंय? मी फळं आणि फुलदाण्या शिकवतो."

"मग दोघं शिकू की. मी वाचतो, तुम्ही काढा. मग तुम्ही बघा, मी काढतो."

नाही म्हणायची सोय नव्हती. वकिलांना कोण नाही म्हणणार?

ते पुस्तक त्यांनी कायद्याचं वाचावं तसं वाचलं. "कलम एक. आधी वर्तुळ. कलम दोन. वर्तुळावर उभी आडवी फुली. पोटकलम अ, डोळे आडव्या रेघेवर." इथवर ठीक चाललं. नाकाशी गाडी अडली. पुस्तकात नाकाच्या जागी नुसता एक ठिपका होता.

"हे मला मान्य नाही," वकील म्हणाले. "नाक म्हणजे माणसाची ओळख, मास्तर. ठिपकेवाल्याला जामीन कोण राहील?"

शेवटी ठिपका मान्य झाला, पण त्यांनी तो इतका दाबून काढला की मुलीला मिशी फुटल्यासारखी वाटायला लागली. त्यांच्या पहिल्या महिन्यातल्या सगळ्या मुली अशाच. चेहरा आरोपीचा, उभं राहणं साक्षीदाराचं. हात काढणं अवघड, म्हणून वकिलांनी सगळ्यांचे हात पाठीमागं नेले. परिणामी सगळी मंडळी नुकतीच अटक झाल्यासारखी दिसत.

"हातांचं काय?" मी विचारलं.

"पुढची तारीख."

हा त्यांचा आवडता शब्द. जे जमत नाही त्याला पुढची तारीख. पण रोज संध्याकाळी कोर्टातून आले की कोट न उतरवता ते पेन्सिलीला टोक काढायला बसत. खोडरबराच्या चुऱ्यानं काळा कोट पांढरा होई. चित्र बिघडलं की कागद फाडत नसत. बाजूला ठेवून, हात जोडून त्याला म्हणत, "माफ करा हं."

मग पुस्तकात त्यांना खुणांचं प्रकरण सापडलं. माणूस ओशाळला की कपाळाशी घामाचा एक मोठ्ठा थेंब काढायचा. रागावला की डोक्याच्या कोपऱ्यात शिरांची फुली. वकील खुळावलेच. "बघा मास्तर, एका थेंबात अख्खा कबुलीजबाब!" मग गल्लीतल्या प्रत्येकाला थेंब नाहीतर फुली मिळाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फुली. घरमालकाविरुद्धचा खटला हरलेल्या किराणावाल्या बसप्पाला तीन थेंब. बसप्पानं ते चित्र दुकानात लावलं, पण ते आपलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

इथं मात्र इंदूअक्का घाबरली. चाळीस वर्षं न हसलेला नवरा कागदाशी बोलतोय, हसतोय, आणि दूधवालीला डोळे मोठे करायला लावतोय. बीपी तपासायचं निमित्त करून ती त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. मलाही सोबत नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. वकिलांनी वजाबाकी करता करता त्यांच्या पॅडवर त्यांचंच चित्र काढलं. डॉक्टर ते बराच वेळ बघत राहिले.

"अक्का, डोकं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण माझं कपाळ एवढं मोठं आहे का?"

इंदूअक्कानं दवाखान्याच्या पायरीवर बसून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं. "सुटले बाई," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर बातमी आली, आणि वकिलांच्या वेडाचा सगळ्यांना उलगडा झाला. शिरीष येणार होता.

शिरीष त्यांचा एकुलता एक मुलगा. हुबळीबाहेर तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कंपनीनं नवीन यंत्र शिकायला जपानला पाठवला, आणि तो तिथलाच झाला. युमी नावाच्या मुलीशी लग्न केलं. ते कळलं तेव्हा वकील फोनवर एकच वाक्य बोलले होते, "या घराच्या पायऱ्या चढू नकोस." शिरीष बापासारखाच. तो चढला नाही. नंतर त्याचा फोन यायचा, पण आईसाठी. आता त्यांची मुलगी मिका सहा वर्षांची झाली होती आणि तिला जपानीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. नातीशी बोलायचं कसं, म्हणून आजोबांनी मांगा शिकायला घेतलं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. भीमव्वानंसुद्धा वकिलांना माफ केलं.

ते आले त्या दिवशी वकिलांनी मला सकाळपासून बसवून घेतलं होतं. रविवार, तरी अंगात कोट. रिक्षा थांबल्याचा आवाज आला तसे ते उठले, पुन्हा बसले. इंदूअक्का ओवाळायला धावली. शिरीष पहिल्या पायरीपाशी थांबला. केस थोडे पांढरे झाले होते. त्यानं आत बघितलं. वकिलांनी कागदाकडं बघितलं.

"ये की रे आत," इंदूअक्का म्हणाली. "येऊ दे ना हो त्याला."

वकिलांनी मान हलवली, इतकी जोरात की चष्मा खाली आला.

सगळे आत येऊन बसले. मिका आईच्या मागं लपली होती. युमी दोन्ही हात मांडीवर ठेवून वाकून वाकून नमस्कार करत होती. शेवटी वकिलांनी पेन्सिल उचलली आणि एक मुलगी काढायला घेतली. वर्तुळ, फुली, डोळे. वर्तुळ खालच्या बाजूनं ओघळलं. मिका एक डोळा बाहेर काढून बघायला लागली. मग दुसरा. मग ती सरकत सरकत टेबलाशी आली, चित्र नीट निरखलं आणि गंभीरपणे काहीतरी म्हणाली.

युमीनं लाजून तोंडावर हात ठेवला. वकिलांनी शिरीषकडं बघितलं.

शिरीष घुटमळला. "अप्पा... ती म्हणते, बटाटा छान काढलाय."

इतक्या वर्षांनी मुलगा बापाशी बोलला ते हे.

मग वकिलांच्या मिशा हलल्या. खांदे हलले. "मान्य!" ते ओरडले. "बटाटा मान्य!" आणि ते असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. शिरीष हसला, युमी हसली. इंदूअक्का हसता हसता रडायला लागली आणि शेवटी शिरा करायला आत निघून गेली. मिकानं आजोबांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि त्यांना शिकवायला बसली.

आठवड्यानं मी सहज गेलो. वकील ओट्यावर एकटेच होते. कोट नव्हता. आतून मिकाचा आणि भीमव्वाचा आवाज येत होता. दोघी कुठल्या भाषेत बोलत होत्या देव जाणे.

"नातीसाठी केलेल्या मेहनतीचं चीज झालं," मी म्हटलं.

वकिलांनी मागं दाराकडं बघून आवाज खाली आणला. "नातीसाठी नव्हे हो. पोरं काय, महिन्याभरात कुठलीही भाषा उचलतात." त्यांनी चष्मा पुसला. "शिरीषचा फोन आला की मी दारामागं उभा राहायचो. तो दर वेळी विचारायचा, अप्पा काय करतायत? ही म्हणायची, पेपर वाचतायत. संपलं. पुढं तो तरी काय विचारणार? वर्षानुवर्षं मी आपला पेपर वाचतोय."

मी त्यांच्याशेजारी टेकलो.

"एकदा ही फोनवर विचारत होती, मिका दिवसभर मोठ्या डोळ्यांची चित्रं काढते होय रे? तेव्हा सुचलं. पुढच्या फोनला हिनं सांगितलं, तुझे अप्पा जपानी चित्रं काढतायत. ही नुसती फोन कानाला लावून उभी. मला वाटलं, ठेवला. मग ही एकदम म्हणाली, अरे, विचारतोस काय, ये की!"

म्हणजे आम्ही सगळे उलटं समजलो होतो. ते येणार म्हणून वकील शिकले नव्हते.

आतून शिरीषची हाक आली, "अप्पा, चहा झाला, या."

मी उठायला लागलो. वकिलांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"जरा थांबा, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आणखी एकदा हाक मारू दे त्याला."