दोन ब्रास मुरूम

डॉक्टरकडं नंबर लावून तीन तास बसण्यापेक्षा फोनवर विचारून घेऊ, एवढंच मी ठरवलं होतं.

आमची प्रांजली चार महिन्यांची. बाळंतपणानंतर तिच्या आईचा, श्रेयाचा, चेहरा मुरमानं भरून गेला. लेकीबरोबर एक फोटो काढू देईना. माझी बहीण सायली स्वतःच्या मुरमाच्या गोळ्यांचं पाकीट तिला देऊन गेली.

"अहो, मी अंगावर पाजते. ही गोळी चालते का, नीट विचारा. दुधातून पोरीला काही झालं तर?"

मोबाईलमध्ये 'आकाश मुरूम' असं नाव दिसलं. आमच्या वर्गातला आकाश कातडीचा डॉक्टर झालाय, तोच. (दुसरा आकाश आमच्या पैठणच्या बांधकामाला मुरूम-खडी पुरवायचा, पैसे न्यायला गारखेड्याच्या घरी यायचा. हे मला रविवारी आठवलं.) शनिवारी वाळूजला कंपनीत मशीनच्या खडखडाटात, एका कानात बोट घालून मी फोन लावला.

"आकाश, इंद्रजीत बोलतोय. घरी मुरमाचा लई प्रॉब्लेम झालाय."

"टाकू की! कुठं, गारखेड्याला ना?"

"व्हय. पण घरात तान्हं बाळ आहे. सेफ आहे ना?"

"पोरं लोळतात त्याच्यात, साहेब!"

"दुधात उतरत नाही ना?"

"परवा दूधवाल्याच्याच दारात टाकला. काय तक्रार नाय."

"बरं, वरून काही लावायचं?"

"दोन थर द्या. पाणी मारा, वरून रोलर फिरवा."

(श्रेयाकडं चेहऱ्यावर फिरवायचा दगडी रोलर होताच. म्हटलं, डॉक्टर किती अपडेटेड!)

"उद्या रविवारी माणूस पाठवतो," तो म्हणाला. औषधाचं सॅम्पल फुकट पाठवतोय असं समजून मी गहिवरलो. घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, "बिनधास्त घे."

रविवारी सकाळी श्रेयाच्या एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात गोळी. तेवढ्यात दारात टिपरचा हॉर्न वाजला.

"ओ साहेब! दोन ब्रास मुरूम आणलाय, कुठं ओतू?"

मी 'थांब' म्हणेपर्यंत धडधडधड! सगळं गेट बुजलं. शेजारचे तात्यासाहेब गॅलरीतून ओरडले, "इंद्रजीतराव, माझी गाडी आत अडकली की हो!"

श्रेयानं गोळी खाली ठेवली.

"तुम्ही नक्की कुणाला विचारलंत?"

मी मोबाईल दाखवला. तिनं नाव वाचलं, बाहेरचा ढीग बघितला आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं. आणखी एक मिनिट उशीर झाला असता तर? पण रागही आला. चेहऱ्यावरच्या फोडाला आणि रस्त्यावर टाकायच्या मातीला एकच नाव ठेवायची काय गरज होती? मराठीत शब्द संपले होते का?

सोमवारी रीतसर नंबर लावला. तीन तास बसलो. डॉक्टरीणबाईंनी पाकीट बघून कपाळाला हात लावला.

"ही गोळी बाळ दूध पितंय तोवर अजिबात नाही. आणि दुसऱ्याचं औषध कधीच घ्यायचं नाही. ही क्रीम चालेल. फक्त चेहऱ्याला, पातळ लावायची. छातीला नको, आणि हात धुऊन मग बाळाला घ्यायचं."

चिठ्ठी घ्यायला मी हात पुढं केला. बाईंनी ती श्रेयाला दिली. श्रेयानं माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि त्या जागी प्रांजलीला ठेवलं.

"मी मेडिकलमध्ये जाऊन येते. इथंच बसा. कुणाशी काही बोलू नका."

"पोरीशी तरी बोलू?"

ती दारात थांबली. विचार केला.

"फार नको."